एक घड्याळ, दोन रेडिओ आणि आपली श्रद्धा

दोन सॉफ्टवेअर रेडिओंना (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या रेडिओंना) 10 मेगाहर्ट्झचे एकच रेफरन्स घड्याळ, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे माप ठरवणारा ठोका, जोडूनही त्यांच्या फ्रिक्वेन्सीत फरक पडत असेल, तर सर्वप्रथम केबलवर पूर्ण श्रद्धा ठेवावी. सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक सोर्स ‘एक्स्टर्नल’ केला आहे की अजून ‘इंटर्नल’च आहे, हे तपासणे म्हणजे केबलच्या प्रामाणिकपणावर संशय घेणे होय. यूएसआरपी नावाच्या सॉफ्टवेअर रेडिओमध्ये लॉक लागला की नाही, म्हणजे त्याने बाहेरचे घड्याळ पकडले की नाही, हे सांगणारा सेन्सर असतो. तो मुळीच वाचू नये, कारण तो खरे सांगतो.

1 गिगाहर्ट्झवर हजार हर्ट्झचा फरक निघाला, तर तो 1 पीपीएम (दहा लाखांत एक भाग) भरतो, म्हणजे रेडिओंच्या आतल्या घड्याळांच्या दोन सुट्या क्रिस्टलांना शोभेल असा. तरीही एका रेडिओने बाहेरचे घड्याळ मानलेलेच नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. दोष पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याला द्यावा. (तो कनेक्टर गंजवतो, सिग्नल क्षीण होतो आणि लॉक सुटू शकतो, हे खरे, पण तेवढ्या खोलात कशाला शिरायचे?)

आरटीएल-एसडीआर या छोट्या सॉफ्टवेअर रेडिओच्या दोन डाँगलना (यूएसबीत खोचायच्या कांड्यांना) एकच 28.8 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल दिला असेल, तर एकाच्या प्रोग्रॅममध्ये जुन्या क्रिस्टलची चूक भरून काढायला पूर्वी साठवलेली 50 पीपीएमची दुरुस्ती तशीच राहू द्यावी. पणजीतल्या आल्तिनोच्या आकाशवाणीच्या 105.4 मेगाहर्ट्झवर ती 5270 हर्ट्झ होते. तो फरक मोजायलाही हेच केंद्र निवडावे, कारण एफएमची लहर गाण्याच्या तालावर दोन्ही बाजूंना 75 किलोहर्ट्झपर्यंत डुलते आणि हवे ते उत्तर देते. मोबाइलचा मोठा टॉवर 0.05 पीपीएमच्या आत राहण्यास बांधील असतो खरा, परंतु ज्याला रेंजवरून रोज शिव्या घालायच्या त्याच्याकडून अचूकपणा शिकणे गोंयकाराला शोभत नाही.

एवढ्यानंतरही दोन वेगळ्या मॉडेलांमध्ये काही हर्ट्झ उरतील, आणि ते तासन्‌तास जागचे हलणार नाहीत. घड्याळ वेगळे असते तर ते तापमानाबरोबर सरकले असते, हा विचार मनात येताच पंखा लावून झोपावे. डाँगलमधला डिजिटल मिक्सर (सिग्नलची फ्रिक्वेन्सी आकडेमोडीने सरकवणारा भाग) सुमारे 6.87 हर्ट्झच्या पायऱ्यांनी सरकतो, ट्यूनरचा पीएलएलही (घड्याळाला अपूर्णांकाने गुणून हवी ती फ्रिक्वेन्सी बनवणारे सर्किट) जवळचा अपूर्णांक पकडून थांबतो आणि प्रत्येक मॉडेलचा अपूर्णांक निराळा असतो. ही निव्वळ गणिताची कटकट आहे. यूएसआरपीचा यूएचडी ड्रायव्हर ट्यून केल्यावर प्रत्यक्ष मिळालेली फ्रिक्वेन्सी परत कळवतो, ती छापून पाहू नये.

त्याऐवजी जीपीएसच्या शिस्तीतले महागडे घड्याळ मागवावे. मग दोन्ही रेडिओ पूर्वीइतक्याच हर्ट्झांनी, पण कितीतरी अधिक अचूकपणे चुकतील.