पगार नाही, ड्युटी-चार्ट बघा

पगार वाढवला की डॉक्टरांचा उत्साह आपोआप परत येतो, हे डॉक्टरांच्या खचण्यावर नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं विधान काही पटलं नाही. पगारामुळे नाराजी कमी होते, कामाची ओढ त्यातून येत नाही, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ मध्येच मांडून ठेवलंय. माझी बायको भूलतज्ज्ञ आहे. अवघड केस रात्रभर चालली तरी ती कुरकुरत नाही, उलट घरी आल्यावर रंगवून सांगते. ती खचते ते पुढच्या आठवड्याचा चार्ट आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतो आणि सकाळपर्यंत तोही बदलतो, तेव्हा. पालकसभेला 'येते' म्हणायची तिची हिंमतच होत नाही. मुलगी आता तिला विचारतही नाही, थेट मला तारीख सांगते.

कागदपत्रांच्या कामाचा तर लेखात उल्लेखच नाही! अमेरिकेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात रुग्णांसोबतच्या दर तासामागे डॉक्टरांचे जवळपास दोन तास संगणक आणि टेबलकामात जातात असं दिसलं होतं. आमच्याकडे ते जेवणं उरकल्यावर सुरू होतं. यावर तिच्या रुग्णालयाने काय केलं, तर ताणमुक्तीचं शिबिर ठेवलं, तेही रविवारी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ला, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने खचून जाण्याला, आजार न म्हणता कामाच्या ठिकाणाशी जोडलंय. मग इलाज डॉक्टरवर कशाला? आधी महिन्याचा चार्ट वेळेवर लावा, आणि लावलात की पाळा.