न झालेल्या स्पर्धेचा दाखला

मागच्या गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता मला कळलं की माझं एक वर्ष हरवलंय. खिडकीपलीकडच्या बाई माझ्या हॉकी स्पर्धांच्या फॉर्मवरून पेन फिरवत होत्या. शालेय स्पर्धा, आहे. एफवाय, विद्यापीठ संघ, आहे. एसवाय, आहे. टीवायपाशी पेन थांबलं.

"२०२०-२१. हा रकाना रिकामा आहे."

"त्या वर्षी कोरोना होता ना."

"ते माहितीये. पण रिकामा रकाना चालत नाही."

"मग शून्य लिहू?"

"शून्य म्हणजे स्पर्धा होती आणि तुम्ही गेला नाहीत."

"स्पर्धाच नव्हती हो."

"मग तसं पत्र आणा. स्पर्धा झाली नाही असं."

"कुणाकडून?"

"ज्यांनी घेतली नाही त्यांच्याकडून."

मी गोलकीपर होते. अंगावर येणारी वस्तू अडवायची, एवढंच मला येतं. हे वाक्य मात्र सरळ दोन पायांमधून आत गेलं. माझा चेहरा बघून बाईंना थोडी दया आली असावी. "नसेल मिळत तर स्वतःच लिहून द्या. सोबत कुणातरी माहीतगार माणसाचं निवेदन जोडा. नमुना बाहेर झेरॉक्सवाल्याकडे मिळेल," म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्याला हाक मारली.

झेरॉक्सवाल्याच्या पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, नोटरी, पॅन कार्ड, लग्नपत्रिका आणि हयातीचा दाखला एवढं सगळं एकाखाली एक लिहिलेलं होतं. नोव्हेंबर असल्यामुळे सगळी गर्दी शेवटच्या ओळीची. माझ्या पुढे एक काका. बिनबाह्यांचा स्वेटर, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये आणखी एक प्लास्टिकची पिशवी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, हे त्यांनी कुणी न विचारता सांगितलं. ते जिवंत आहेत हे सिद्ध करायला आले होते आणि यंत्र ऐकत नव्हतं.

"काका, बोट पुसा."

काकांनी बोट स्वेटरला पुसलं. लाल दिवा. केसांतून फिरवलं. लाल दिवा. दुकानातल्या पोरानं मधलं बोट मागितलं, मग डाव्या हाताचं. यंत्राच्या मते आत्तापर्यंत तीन बोटं वारली होती.

"काका, चेहऱ्यानं करू का? मोबाइलवर होतं आता."

"चेहरा मेल्यावरही तोच असतो," काका म्हणाले. "ठसाच घे."

मग वेळ जावा म्हणून ते माझ्याकडे वळले. "तुमचं काय, मॅडम?"

"स्पर्धा झाली नाही असं लिहून द्यायचंय."

"कसली?"

"हॉकीची."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत आणि परत वरपर्यंत पाहिलं. हॉकी म्हटल्यावर सगळेच तसं बघतात, जणू मी स्टिक ओढणीत लपवलीय. "मुलींची?" हो. "कॉलेजात?" हो. "आणि तुम्ही त्यात कोण?"

"गोलकीपर."

"म्हणजे पळावं लागत नाही."

हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की त्याचं लॅमिनेशन करून घ्यायला हरकत नाही. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, दगडासारखा टणक. पेनल्टी कॉर्नरला तो समोरून येतो तेव्हा मागे ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच अशी एक मोकळी जागा असते आणि तिची जबाबदारी एका माणसावर असते. तो माणूस पळत नाही, कारण पळून गेला तर संघातून काढतात. पायांना पॅड, पावलांवर किकर, छातीला गार्ड, हाताला ग्लोव्ह्ज, डोक्याला जाळीचं हेल्मेट, असं सगळं चढवून मे महिन्यात मुरमाच्या मैदानावर उभं राहून बघा. आमच्या कॉलेजला टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, नव्हतं. मुरमावर चेंडू जमिनीलगत येता येता एखाद्या खड्याला विचारून दिशा बदलतो. टर्फ बघायला मिळायचं ते पिंपरीत नेहरूनगरला, मेजर ध्यानचंद स्टेडियममध्ये, तेही वेळ मिळाली तर, आणि मुलांच्या संघांचं आटपलं तर.

२०२०च्या मार्चमध्ये पीपीई किट घातलेले डॉक्टर टीव्हीवर दिसायला लागले तेव्हा आई म्हणाली, "अगं, हे तर तुझंच." एवढंच कौतुक माझ्या किटच्या वाट्याला आजवर आलंय. एरवी घरात त्याच्याबद्दल बोलणं व्हायचं ते वासावरून. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले, आठवड्याभरात कॉलेज बंद झालं, आणि सर म्हणाले, "किट घरी घेऊन जा, पंधरा दिवसांत परत आणा." पंधरा दिवस! ती पिशवी आमच्या बाल्कनीत इतकी राहिली की तिच्यात कबुतरांच्या दोन पिढ्या वाढल्या.

सराव मात्र चालू ठेवायचा होता. सर मोबाइलवर सगळ्यांना एकदम दिसायचे आणि "स्क्वॉट, स्क्वॉट" ओरडायचे. बाकीच्या मुलींना जागच्या जागी ड्रिबल करता यायचं, भिंतीशी पास खेळता यायचे. गोलकीपरला मात्र समोरून मारणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे बाबा. बाबा लहानपणी फक्त क्रिकेट खेळलेले. गच्चीवर पाण्याची टाकी म्हणजे गोल, मी टाकीपुढे, आणि बाबा दहा पावलांवर स्टिक बॅटसारखी धरून. पहिल्या दिवशी त्यांनी कव्हर ड्राइव्ह मारला. चेंडू शेजारच्या सोसायटीत गेला आणि ती सोसायटी त्याच सकाळी सील झाली होती. तो चेंडू पुढे चौदा दिवस क्वारंटाइन होता. दुसरा चेंडू टाकीला लागला तसा खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला की आमच्या डोक्यावर धडधड होते, यांचं बीपी वाढतं. बरोबरच होतं त्यांचं. पण त्यांचाच नातू दिवसभर हॉलमध्ये टेनिस बॉल आपटायचा तेव्हा कुणाचं बीपी वाढायचं नाही. मुलगा आपटतो तो खेळ, मुलगी आपटते ती धडधड.

(एकदा दूध आणायला जाताना सवयीनं स्टिक खांद्यावर घेतली होती. नाक्यावरच्या हवालदारानं थांबवलं. त्याच्या हातात लाठी, माझ्या हातात स्टिक. दोघांनीही एकमेकांच्या वस्तूकडे आदरानं पाहिलं. "खेळाडू आहात का?" म्हणाला. "जा, पण मास्क नाकावर घ्या." त्या अख्ख्या वर्षात मला खेळाडू म्हणणारा हा एकमेव सरकारी माणूस. निवेदन त्याच्याकडूनच घ्यायला हवं होतं.)

भारताचा महिला संघ तेव्हा बेंगळुरूला भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, म्हणजे साईच्या, केंद्रात अडकून पडला होता. खोल्यांत राहून त्या मुलींनी लोकांना व्यायामाची आव्हानं दिली आणि अडचणीतल्या स्थलांतरित मजुरांसाठी वीस लाखांवर रुपये उभे केले. आम्हीही दोरीच्या उड्या मारून शंभर शंभर रुपये पाठवले होते. आपणही त्याच संघाचा एक लांबचा, खालचा, मुरमाचा भाग आहोत असं तेव्हा वाटायचं.

२०२१च्या फेब्रुवारीत कॉलेजं उघडली. आम्ही अठराजणींपैकी सातजणी मैदानावर आलो. गवत गुडघ्यापर्यंत, गोलपोस्टच्या जाळीत कुत्रीनं पिल्लं घातलेली. सर सातजणींना बघून म्हणाले, "बाकीच्या?" बाकीच्यांपैकी दोघींचं लग्न झालं होतं. पन्नास माणसांची परवानगी म्हणजे मुलीच्या बापांना सरकारनं दिलेली सूटच होती. हॉल नाही, आहेर नाही, रुसवेफुगवे नाहीत, उरकून टाका. आमच्या लेफ्ट विंगरचं लग्न मी मोबाइलवर बघितलं. अंतरपाटापलीकडे ती डावीकडे सरकून उभी होती, सवयीनं. एका हाफबॅकला तिच्या वडिलांनी सांगितलं, "वर्षभर नाही खेळलीस तर काय बिघडलं? मग आता कशाला?" या प्रश्नाचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही, म्हणून जास्त राग येतो. मुलांच्या संघातले सगळे परत आले होते, वजन वाढवून. महिना संपायच्या आत आमच्याकडे कॉलेजं पुन्हा बंद झाली आणि माझा टीवाय बहुपर्यायी प्रश्नांत संपला. पदवी हातात आली तेव्हा मामा म्हणाला, "कोरोना बॅच का? म्हणजे ढकललेली." मामा स्वतः दहावीला तिसऱ्या खेपेला सुटलाय. असो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियोत आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० हरवलं, गोलपोस्टमध्ये सविता पुनिया भिंतीसारखी उभी, आणि खालच्या मजल्यावरच्या त्याच काकू पेढे घेऊन वर आल्या. "तू पण हेच खेळायचीस ना गं?" खेळायचीस! चार दिवसांनी ब्रिटनकडून ३-४ हरल्यावर, ब्राँझ हुकल्यावर, विषय संपला. पण एक बघा. ऑलिंपिक झालं २०२१ मध्ये आणि नाव शेवटपर्यंत टोकियो २०२०च राहिलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा रकाना एक वर्ष रिकामा राहिला तर कुणी कागद मागितला नाही. माझ्याकडेच मागतात.

तर काका. त्यांना मी हे एवढं सगळं सांगितलं नव्हतं, फक्त "कोरोनामुळे स्पर्धा नाही झाली" इतकंच. त्यांनी मान हलवली. "बरोबर. नेहरूनगरला होता ना तुमचा तो हॉकीचा ग्राउंड? मी होतो तिथे. सप्टेंबर २०२०. अकरा दिवस."

"तिथे? खेळायला?"

"जंबोत. ऑक्सिजनवर."

"काका, ते जंबो हॉस्पिटल मगर स्टेडियमवर होतं. हॉकीचं वेगळं."

"नेहरूनगरच ना?"

"हो, पण—"

"मग तेच." काकांनी वाद मिटवला. "रात्री झोप यायची नाही. मशिनचा आवाज. शेजारच्या कॉटवरचा माणूस तिसऱ्या दिवशी गेला. मी वर छताकडे बघत पडायचो. मनात म्हणायचो, इथे एरवी पोरं खेळत असतील."

याला काय उत्तर द्यायचं? माझी एक स्पर्धा बुडाली होती. यांचा श्वास बुडत होता. मागच्या पाच वर्षांत हे माझ्या बाबतीत पुन्हा पुन्हा झालंय. मी तक्रार करायला तोंड उघडावं आणि समोरच्यानं आपला ऑक्सिजन काढावा. तोंड मिटायचं. आमच्या अठराजणींचं काय गेलं, हे मोजायची रांग कायम दुसऱ्या कुणाच्या तरी मागे. बरोबरच आहे म्हणा. तरीपण.

"तुमच्या स्पर्धा बंद होत्या म्हणून आम्हाला जागा मिळाली असं समजा," काका म्हणाले. हे उपकार की दिलासा मला कळेना. "आणि सत्तर मिनिटं पळण्यापेक्षा—"

"साठ," मी म्हणाले. "पंधरा-पंधराचे चार भाग असतात आता. आणि मी गोलकीपर आहे."

"मग पळत नाहीच."

तेवढ्यात पोरानं काकांच्या अंगठ्याला जरा क्रीम चोळलं आणि हिरवा दिवा लागला. दुकानातल्या सगळ्या पेन्शनवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, खरंच. काकांनी छापून आलेला कागद चष्मा वर करून वाचला, पिशवीतल्या फाइलमधल्या पिशवीत ठेवला आणि एकदम उदार झाले.

"तुम्हाला माहीतगार माणूस हवाय ना? मी देतो लिहून."

"काका, तुम्ही कसे—"

"मी होतो ना तिथे. अकरा दिवस. एकही मॅच झाली नाही."

त्यांनी माझ्याच फॉर्मच्या झेरॉक्समागे, पाटबंधारे खात्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं: मी खाली सही करणार असे लिहून देतो की, मौजे नेहरूनगर, पिंपरी येथे माझ्या वास्तव्याच्या काळात महिला हॉकीचा एकही सामना माझ्या पाहण्यात अथवा ऐकण्यात आला नाही, सबब लिहून दिले असे. खाली सही, तारीख, पूर्ण नाव. झेरॉक्सवाल्यानं त्यांच्याकडून या कागदाचे पैसेही घेतले नाहीत. मला मात्र सहा रुपये लावले.

मी परत खिडकीवर गेले. लाज वाटत होती, पण दीड वाजायला दहा मिनिटं होती आणि जेवणाच्या सुट्टीची पाटी बाईंच्या हातात आली होती. त्यांनी कागद वाचला. परत वाचला. हसतील असं वाटलं, हसल्या नाहीत. मौजे नेहरूनगरपाशी त्यांनी पेनानं बारीक टिकही केली. मग वर बघितलं.

"हे गृहस्थ पेन्शनर आहेत का?"

"हो. का?"

"मग यांच्या हयातीच्या दाखल्याची प्रत जोडा."

मी पळत सुटले, गोलकीपर असून. झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पोचले तेव्हा काका गेले होते, आणि त्यांचा फोन नंबर मी घेतला नव्हता.