चूक दुरुस्तीला देणे आहे

आकडे मराठी अक्षरांत लिहून देणारा एक छोटासा प्रोग्राम मी सांभाळतो. ओपन सोर्स आहे, कोड सगळ्यांना खुला, म्हणजे काम फुकट आणि वर शिव्या. त्यात ७९ टाकलं की ‘एकोणऐंशी’च्या जागी ‘एकोणएंशी’ उमटतं. मी बसलो तर दोन मिनिटांचं काम. पण मी बसत नाही. ‘गुड फर्स्ट इश्यू’ असं लेबल डकवून ती चूक मी नवशिक्यांसाठी ठेवली आहे. पावत्या छापणारे एक काका अधूनमधून चिडून लिहितात. ‘चूक सध्या शैक्षणिक कामासाठी आहे’ असं मी त्यांना नम्रपणे कळवतो.

अखेर सांगलीचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी उगवला. ‘सर, आय वाँट टू कॉन्ट्रिब्यूट, प्लीज गाइड.’ मराठी आकड्यांसाठी इंग्रजी अर्ज! म्हटलं, “अरे, एक अक्षर बदलायचंय, बस्स.” मग ते एक अक्षर कसं बदलायचं ते सांगू लागलो. आधी फोर्क, मग क्लोन, मग वेगळी ब्रांच, मग बदल, कमिट, पुश आणि शेवटी पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल मूळ प्रोग्राममध्ये घ्या’ असा अर्ज. सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढवणं याहून सोपं असावं.

पुश करताना, म्हणजे बदल वर चढवताना, गिटहबने (प्रोग्राम जिथे ठेवलाय त्या साइटने) त्याचा पासवर्ड नाकारला. ऑगस्ट २०२१ पासून तिथे त्यासाठी पासवर्ड चालत नाही, टोकन लागतं, तेही पासवर्डासारखंच गुप्त ठेवायचं. गड्याने टोकन काढलं आणि ‘बरोबर आहे ना सर?’ म्हणून त्याचा स्क्रीनशॉट सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला. ते रद्द करून दुसरं काढेपर्यंत माझी आमटी गार.

रात्री उशिरा रिक्वेस्ट आली. शंभर ओळी लाल म्हणजे काढलेल्या, शंभर हिरव्या म्हणजे नव्या घातलेल्या! एकापासून शंभरापर्यंत सगळे आकडे बदललेले, आणि डोळे फाडून पाहिलं तरी फरक दिसेना. त्याच्या विंडोजवरच्या एडिटरने प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह चिकटवून दिलं होतं. “मी काहीच केलं नाही, सर!” तो कळवळून म्हणाला. खरंच होतं ते. ‘एकोणएंशी’ अजून जागच्या जागी होतं.

तरी पोरगा सज्जन. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उत्सवात चार पुल रिक्वेस्टींवर टी-शर्ट मिळायचा, तेव्हा २०२० साली लोकांनी रीडमीत, म्हणजे प्रोग्रामच्या माहितीच्या फाइलीत, ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ वगैरे विशेषणं घुसडून जगभरच्या सांभाळकर्त्यांना वात आणला होता. शेवटी भर ऑक्टोबरात नियम बदलावा लागला, की ज्या प्रकल्पाची तयारी असेल त्याच्याच दारात जायचं. या बिचाऱ्याला टी-शर्ट नको होता, ‘ऐ’ घालायचा होता.

घातला एकदाचा. मी तो बदल मूळ प्रोग्राममध्ये मर्ज केला आणि लगेच त्याच्या लिंक्डइनवर ‘ओपन सोर्स कॉन्ट्रिब्यूटर’ झळकलं. काकांनीही कळवलं, ‘काम करणारा माणूस मिळाला वाटतं तुम्हाला!’

आता त्याच्या वर्गातली मुलं रांगेत आहेत आणि माझ्याकडचा माल संपलाय. त्यातली एक मुलगी फार समजूतदार. म्हणाली, “घाई नाही, सर. पुढच्या व्हर्जनमध्ये करा तुम्ही एखादी, सावकाश.”