‘एक जुना फियाटवाला’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: हेराल्डच का?

काका,

तुम्ही नावाच्या जागी ‘एक जुना फियाटवाला’ लिहिलंत आणि वय ७१ सांगितलंत, म्हणून काका म्हणते.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘पहिली जुनी गाडी कोणती घ्यावी’ या लेखात मी लिहिलं होतं की फियाट आणि अँबेसिडर या दोन नावांपाशीच थांबू नका, स्टँडर्ड हेराल्डही बघा. त्यावर काकांचं म्हणणं असं, की हेराल्डचे भाग मिळत नाहीत, घाटात तिची मागची चाकं आत मुडपतात, कागदपत्रांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही, आणि ‘स्वतःच्या हौसेपायी नवख्या पोरांना खड्ड्यात घालू नका, सरळ पद्मिनी घ्या म्हणावं.’ (पद्मिनी म्हणजे फियाटचंच नंतरचं नाव.)

यातलं बरंचसं मला मान्य आहे. शेवटचं वाक्य मात्र मान्य नाही, आणि का नाही ते नीट सांगायला हवं.

आधी चाकं. तुमचं बरोबर आहे, आणि मूळ लेखात हे यायलाच हवं होतं. हेराल्डचं मागचं डिफरन्शियल (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारी गियरची पेटी) चासीला घट्ट बांधलेलं असतं आणि दोन्ही बाजूंच्या शाफ्टना फक्त आतल्या टोकाला सांधा असतो. त्यामुळे चाक खालीवर होताना सरळ राहत नाही, तिरकं होतं. वळणात वेग जास्त असला आणि घाबरून एकदम पेट्रोलवरचा पाय काढला किंवा ब्रेक दाबला, तर मागची बाजू उचलली जाते आणि बाहेरचं चाक पोटाखाली ओढलं जातं. गाडी तिथेच गिरकी घेऊ शकते. ज्याला हे माहीत नाही त्याने ही गाडी घेऊन घाटात जाऊच नये. मी स्वतः वळणाआधीच वेग उतरवते, तिसरा किंवा दुसरा टाकते आणि वळण संपेपर्यंत पाय पेट्रोलवर हलका पण कायम ठेवते. ताम्हिणीच्या उतरणीला ताशी ४०च्या पुढे जात नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, त्यामुळे घाई करण्यात तसाही अर्थ नाही. ज्यांना हा धाक नको असेल त्यांनी १९७२पासून आलेली स्टँडर्डचीच गझेल शोधावी. इंजिन तेच ९४८ सीसीचं, पण मागे सरळ अखंड ॲक्सल आहे.

पण काका, हेराल्डमधली खरी धोक्याची जागा मागे नाही, पुढे आहे, आणि ती तुमच्याही प्रतिक्रियेत आली नाही. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली ट्रनियन नावाच्या एका पितळी तुकड्यात आट्यांवर बसतो. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. तिथे ग्रीस चालत नाही, नव्वद नंबरचं गियर ऑइल लागतं. मी गाडी घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी ती एका सर्व्हिसिंगवाल्याकडे दिली होती. ऑइलच घाला असं सांगूनही त्यांनी निप्पल दिसलं तिथे ग्रीस मारलं. महिन्या-दोन महिन्यांत स्टिअरिंग जड झालं. पार्किंगमधून बाहेर काढताना दोन्ही हातांनी ओढावं लागायला लागलं. जॅक लावून चाक काढलं, ट्रनियन सोडवला, तर आत ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं, त्यात पाणी शिरलेलं आणि आट्यांवर तांबूस गंज. आणखी काही महिने तशीच चालवली असती तर दांडा तुटून चाक चालत्या गाडीखालून बाहेर पडलं असतं. तेव्हापासून मी ग्रीसगनमध्ये ऑइल भरून दर तीन महिन्यांनी स्वतः मारते, आतून जुनं काळं ऑइल बाहेर येऊन स्वच्छ दिसेपर्यंत. दहा मिनिटांचं काम आहे. ते दुसऱ्या कुणावर मी सोडत नाही.

आता भाग. इथे तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे. पद्मिनीशी बरोबरी होऊच शकत नाही. १९६४च्या फियाट डिलाइटपासून विसावं शतक संपेपर्यंत कुर्ल्यातून ती गाडी निघत होती. मुंबईची टॅक्सीच ती होती, आणि शेवटची काळी-पिवळी पद्मिनी उतरली तीसुद्धा ऑक्टोबर २०२३मध्ये. साहजिकच कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आजही तिचं बहुतेक काही मिळतं, आणि आमच्या नाना पेठेतही जुन्या दुकानदाराला फियाटचा वॉटर पंप म्हटलं की तो मागे वळून फळीवरून डबा काढतो. हेराल्ड म्हटलं की आधी माझ्याकडे बघतो.

पण हेराल्ड मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची. तिथे ती १९५९मध्ये आली, १९६१पासून मद्रासमध्ये बनायला लागली. तिचं पुढचं सस्पेन्शन ट्रायम्फच्या स्पिटफायर या स्पोर्ट्स गाडीलाही वापरलेलं आहे, आणि स्पिटफायरवाले इंग्लंडमध्ये अजून भरपूर आहेत. म्हणून ट्रनियन, बुश, ब्रेकची सिलिंडरं, पाण्याचे होज हे सगळं आजही नवं बनतं. तिथल्या ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लबात हेराल्डवाल्यांचा मोठा गोतावळा आहे. कुरिअर आणि कस्टम धरून ते महाग पडतं, हे कबूल. पण वर्षाकाठी मला जे लागतं ते एका खोक्यात मावतं.

जे कुठेच मिळत नाही ते वेगळंच आहे, आणि नवख्या माणसाला हेच सांगायला हवं. चार दारांची हेराल्ड, म्हणजे मार्क थ्री, फक्त आपल्याकडे बनली. इंग्लंडमध्ये चार दारांची हेराल्ड नव्हतीच. त्यामुळे तिची मागची दारं, त्यांच्या काचा आणि मधला खांब जगात दुसरीकडे शोधून उपयोग नाही. माझी मार्क थ्री बघायला गेले तेव्हा इंजिन बंद होतं, सीट फाटलेल्या होत्या, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं होतं. मी आधी मागची दोन्ही दारं उघडली, खालच्या कडेला बोटं फिरवली, पत्रा शाबूत लागला. मग आडवी होऊन चासीचे बाजूला निघणारे हात हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितले, कारण हेराल्ड कुजते ती तिथून. चारांपैकी एकच पोकळ वाजला. तेवढ्यावर मी ती घेतली. इंजिन कुणीही बांधून देतो हो, दार कुठून आणणार?

आणि आता ‘सरळ पद्मिनी घ्या’ याबद्दल.

हेराल्डचा जन्मच एका अडचणीतून झाला. त्या काळी इतर गाड्यांची बॉडी एकसंध, चासीशिवाय बनत होती. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लुडलो ही कंपनी प्रतिस्पर्धी बीएमसीने, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने, विकत घेतली, आणि एवढी मोठी एकसंध बॉडी बनवून देणारं दुसरं कुणी मिळेना. मग वेगळी चासी ठेवायची आणि बॉडीचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी बनवून तिच्यावर बोल्टने बसवायचे असं ठरलं. वरचं रूप इटलीतल्या ट्यूरिनच्या मिकेलोत्ती या डिझायनरचं. त्या नाइलाजातून जी गाडी निघाली ती घरच्या घरी हात घालणाऱ्या माणसासाठी बनवल्यासारखी आहे. पद्मिनीचा तळ किंवा दाराखालचा पट्टा कुजला की डेंटर आणि गॅसवेल्डिंगशिवाय इलाज नाही. हेराल्डचं बरंच काही पाने घेऊन सुटतं.

बॉनेटचंच बघा. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडायच्या आणि मागून धरून पुढे कलंडवायचं. दिवे, मडगार्ड, जाळी, सगळं तोंडच पुढे जातं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी उघडं पडतं. मी पुढच्या टायरवर बसते. खरंच, स्टुलावर बसल्यासारखी. मांडीवर फडकं, शेजारी चहा. प्लग काढते, ठिणगीचे पॉइंट साफ करते, इंजिन थंड असताना टॅपेट सोडून फीलर गेजचं दहा थाऊचं (इंचाच्या शंभराव्या भागाएवढं जाड) पान आत सरकवते. ते पान अगदी हलकं अडतं, लोण्यातून सुरी ओढावी तसं, तिथे नट आवळायचा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. या गाडीवरच शिकले, कारण ती उघडून बसता येते. ज्या गाडीत कंबर मोडून आत वाकावं लागतं तिथे मी एवढं शिकले नसते.

चालवण्याबद्दलही एकच सांगते. तिचा वळण्याचा घेर २५ फूट आहे, म्हणजे साडेसात मीटरच्या थोडा वर. सदाशिव पेठेतल्या ज्या बोळात शेजाऱ्यांची नवी छोटी गाडी तीन वेळा पुढेमागे करावी लागते, तिथे हेराल्ड एका दमात उलटी फिरते. पुढची चाकं इतकी आडवी होतात की पहिल्यांदा बघणाऱ्याला काहीतरी तुटलं असं वाटतं.

कागदपत्रांचं तुम्ही म्हणालात ते योग्यच. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत विंटेज म्हणून नोंदणी करता येते. शुल्क ₹२०,०००, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ₹५,०००. पण त्या नोंदणीवर गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. ज्याला दर रविवारी मुलांना घेऊन बाहेर पडायचंय त्याने साधी नोंदणीच जिवंत ठेवावी, दर पाच वर्षांनी पासिंग करून. म्हणून विकत घेताना आरसी बुक, चासी नंबर आणि इंजिन नंबर जुळतात का हे दाराच्या पत्र्याइतकंच बारकाईनं बघा. आणि हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब होतो, ते आधी बदला. हे फियाटलाही लागू आहे.

आता तुमच्या प्रतिक्रियेतली एक ओळ, जी बाकीच्यांच्या नजरेतून सुटली असेल. तुम्ही लिहिलंत, ‘माझी फियाट चार वर्षं कव्हरखाली उभी आहे, आमचा फिटर वारला, पण भाग हवा तर आजही मिळेल.’ काका, ही ओळ वाचून मला वाईट वाटलं. भाग मिळत होते तरी गाडी थांबली, कारण तिला हात लावणारा माणूस गेला. म्हणूनच मी नव्या लोकांना आधी विचारते की कुठली गाडी तुम्हाला स्वतःला उघडून बघावीशी वाटते. तुमची जर फियाट असेल तर फियाटच घ्या. मला हेराल्ड वाटली.

तुमची गाडी लगेच स्टार्टर मारून बघू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि एक दिवस तसंच राहू द्या. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, कार्ब्युरेटरची वाटी धुऊन घ्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलला आहे ना बघून, प्लग बाहेरच ठेवून, पुढून हँडल लावा आणि हाताने सावकाश फिरवा. अडलं तर जोर करू नका, आणखी ऑइल घालून थांबा. ब्रेकवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका. चार वर्षांत ब्रेक ऑइलने पाणी ओढलं असणार, सिलिंडरं उघडून बघावी लागतील.

मूळ लेखात ट्रनियन, मागची चाकं आणि नोंदणीचा भाग मी आजच घालते, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. तुम्ही साताऱ्याला असता असं लिहिलंय. हँडल अर्धा फेरा जरी फिरलं तरी कळवा, त्या रविवारी खंबाटकीच्या वळणांवरून हेराल्ड सावकाश घेऊन येते. फीलर गेज आणि पाने माझ्याकडे आहेत, पॉइंटचा नवा सेट तेवढा तुम्ही आणून ठेवा.