हा वसंत कोण?

संशोधन-अनुदानाच्या अर्जातला अकरावा रकाना होता : 'आपले स्वीडिश पूर्वज – आईकडून, वडिलांकडून की दोन्हीकडून?' लुकलुकणाऱ्या कर्सरकडे मी बराच वेळ बघत बसलो आणि शेवटी टाइप केलं, 'दोन्हीकडून राजापूर.'

मी मिनेसोटात पीएचडी करतो. विषय : अमेरिकेत आलेले स्वीडिश शेतकरी. 1850 ते 1930 या काळात स्वीडनमधून 12-13 लाख माणसं इकडे आली. हे कळल्यावर आई फोनवर म्हणाली, "अरे, मग त्यांची नातवंडं सुखवस्तू असतील ना? प्रत्येकाने एक-एक डॉलर दिला तरी तुझं भागेल की!" मी आजवर केलेल्या चौदा अर्जांत इतका सोपा अर्थसंकल्प एकदाही मांडलेला नाही.

ही माणसं निघाली का? स्मोलंड हा प्रांत म्हणजे थेट आमचा कोकणचा कातळ. नांगर घातला की दगड वर येणार. त्यात लोकसंख्या वाढत गेली. बिशप टेगनेर यांनी त्याची कारणं तीन सांगितली होती : शांतता, देवीची लस आणि बटाटे. पुढे 1867-69चा दुष्काळ पडला आणि लोकांनी बोटी धरल्या. मी हे सगळं प्रस्तावात लिहिलं. पहिल्या परीक्षकाचा शेरा आला, 'बटाट्यांवर अधिक भर हवा.' दुसऱ्याचा आला, 'बटाटे कमी करावेत.' तिसऱ्याने बटाट्यांना हात लावला नाही. 'हा विषय एका भारतीयाने का निवडावा, हे स्पष्ट होत नाही,' एवढंच त्याने लिहिलं.

पैसा होता तो स्वीडनच्या सरकारकडे. माणसं अशीच जात राहिली तर देश रिकामा होईल या धास्तीने त्यांनी 1907 मध्ये चौकशी बसवली. गुस्ताव सुंडबेरी नावाच्या संख्याशास्त्रज्ञाच्या हाती काम दिलं, गेलेल्या लोकांकडून 'का गेलात?' याची पत्रं मागवली आणि 1913 पर्यंत परिशिष्टांमागून परिशिष्टं छापली. थोडक्यात, अनुदान पाहिजे होतं तर मी 1907 मध्येच अर्ज करायला हवा होता.

जुन्या स्वीडनमध्ये पाद्री घरोघर जाऊन माणसांची परीक्षा घ्यायचा. वाचता येतं का, धर्मप्रश्नोत्तरी समजते का, असे रकाने वहीत आखलेले असत. गाव सोडलं की त्याचीही नोंद व्हायची. त्या वहीतली एखादी ओळ वाचली की डोळ्यांसमोर माणूस उभा राहतो : शेतमजूर, वाचन बरं, आकलन यथातथा, अमेरिकेस रवाना. माझ्या परीक्षकांचे शेरे मला याच चालीत ऐकू येतात. फक्त 'कुठे रवाना' हा रकाना त्यांनी अजून कोरा ठेवलाय.

अखेर एका मंडळाने दीड हजार डॉलर मंजूर केले. मी खोलीत एकटाच नाचलो. मग पत्राची दुसरी ओळ वाचली : आधी खर्च करावा, पावत्या जोडाव्यात, तपासून रक्कम देऊ. त्यातूनही माझ्या व्हिसावर 14 टक्के कर कापणार, म्हणजे 210 डॉलर आधीच गेले.

उसनवारी करून इलिनॉयमधल्या रॉक आयलंडला गेलो. तिथे ऑगस्टाना कॉलेजात स्वेन्सन केंद्र आहे, स्वीडिश-अमेरिकन चर्चच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म तिथे बघायला मिळतात. आठवडाभर डोळे फोडले. परत येऊन पावत्या पाठवल्या. सव्वातीन डॉलरची कॉफी नामंजूर झाली. स्वीडिश माणूस दिवसभर कॉफी पितो, या मंडळाच्या बैठकीत मी स्वतः तीन कप रिचवले होते. पण पावतीवरची कॉफी 'वैयक्तिक चैन' ठरली.

खरा घोळ पुढेच झाला. हिशेब बघणाऱ्या बाईंचा मेल आला : "बसच्या तिकिटावर 'सुहास वसंत' असं लिहिलंय. अर्जात वसंत नाहीत. हे वसंत कोण? त्यांचा प्रवासखर्च आम्हाला देता येणार नाही."

मी कळवलं, "वसंत माझे वडील. ते राजापुरातच आहेत. आमच्यात मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावतात. तुमच्याकडे नाही का, आंदेर्सचा मुलगा नील्स तो नील्स आंदेर्सन?" बाईंचं स्वतःचं आडनाव 'सन'वर संपत होतं. दोन दिवसांनी उत्तर आलं : "माहितीबद्दल आभार. वसंत यांचं ओळखपत्र जोडावं."

बाबांचं आधार कार्ड जोडलं. पैसे अजून वाटेत आहेत. आजोबा गिरणगावातून राजापूरला मनिऑर्डर करायचे. सध्या ती राजापूरहून मिनेसोटाला येते.

काल आईने विचारलं, "काय रे, त्या स्वीडिश पोरांना तरी बोटीचं भाडं कोण द्यायचं?"

मी उत्साहात सुरू झालो, "पुष्कळांची तिकिटं तर इकडूनच यायची! थोरला भाऊ आधी अमेरिकेत जायचा, मग पैसे भरून धाकट्याला तिकीट पाठवायचा."

"हो का?" आई म्हणाली. "आपल्या धाकट्याला पण तिकडे प्रवेश मिळालाय. आजच पत्र आलं."