एक सीटी म्हणजे चारशे एक्स-रे?

‘छातीचा एक सीटी स्कॅन म्हणजे तीनशे ते चारशे एक्स-रे, त्यामुळे कॅन्सर ठरलेला, किरणे अंगात साठून राहतात, त्यापेक्षा एमआरआय करा, नाहीतर निदान शिशाचा एप्रन तरी मागून घ्या’ अशा आशयाचा संदेश कोविडच्या दुसऱ्या लाटेपासून फिरतो आहे. त्यातला आकडा मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी पत्रकार परिषदेत सांगितला होता. सौम्य लक्षणे असलेल्यांनी फुप्फुसातल्या संसर्गाचा ‘स्कोअर’ पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा एचआरसीटी (फुप्फुसाचे बारकावे दाखवणारा सीटी) काढू नये, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो योग्यच होता; संदेशात नेमका तोच गळला.

आधी आकडा पाहू. छातीच्या समोरून काढलेल्या एका एक्स-रेची मात्रा, म्हणजे शरीराला मिळणारी किरणे, सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) असते आणि नेहमीच्या सीटीची सुमारे ७ धरली, तर गुणोत्तर साडेतीनशे येते. म्हणजे गणित खोटे नाही, परंतु भागाकारासाठी निवडलेली संख्याच इतकी लहान आहे की उत्तर भयंकर दिसणारच. निसर्गातून जगातल्या प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. त्या मापाने हाच सीटी तीन वर्षांच्या आसपास भरतो. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या चाचणीसाठीचा कमी मात्रेचा सीटी दीड मिलिसीव्हर्टच्या घरात असतो. रेडिओलॉजिस्टांच्या अखिल भारतीय संघटनेने तेव्हा ‘पाच ते दहा एक्स-रे’ असे उत्तर दिले, तेही मला अर्धवट वाटते, कारण तो अतिकमी मात्रेच्या स्कॅनचा हिशेब आहे आणि तसा स्कॅन सरसकट काढला जात नाही.

कॅन्सर ठरलेला असतो, हे तर निराधारच आहे. आंतरराष्ट्रीय किरण संरक्षण आयोगाच्या धोका मोजण्याच्या गुणकानुसार ७ मिलिसीव्हर्टमुळे आयुष्यभरात वाढणारा धोका ढोबळमानाने तीन हजारांत एक इतका येतो, आणि तोही मोठ्या मात्रांच्या अनुभवावरून सरळ रेषेत खाली आणलेला अंदाज आहे. मुलांमध्ये धोका अधिक असतो, म्हणून तेथे कसोटी कडक हवी.

किरणे अंगात साठत नाहीत. यंत्रातली एक्स-रे निर्माण करणारी नळी बंद होताच ती संपतात, त्यामुळे ती ‘काढून टाकणारे’ काढे व्यर्थ आहेत. वाढत जाते ती केवळ कॅन्सरची शक्यता. एमआरआयचा पर्यायही बहुतेक वेळा लागू पडत नाही, कारण हवेने भरलेल्या फुप्फुसाचे बारकावे त्यात नीट उमटत नाहीत.

एप्रनचा मुद्दा फसवा आहे. छाती झाकली तर छातीचे चित्र मिळणार नाही, आणि पोटापर्यंत जी थोडी किरणे पोहोचतात ती मुख्यतः शरीराच्या आतूनच विखुरलेली असतात, ती वरच्या शिशाला अडवता येत नाहीत. उलट एप्रनची कड स्कॅनच्या टप्प्यात आली, तर यंत्रातले मात्रेचे स्वयंचलित नियंत्रण नळीचा विद्युतप्रवाह वाढवू शकते, म्हणजे ज्यासाठी एप्रन मागितला तेच बिघडते.

मात्रा खरोखर कमी होते ती तंत्रज्ञाच्या टेबलावर. सडपातळ रुग्णासाठी नळीला १२० ऐवजी १०० किंवा ८० किलोव्होल्टचा विद्युतदाब वापरणे, शरीराच्या जाडीनुसार प्रवाह बदलू देणे, रुग्णाला गॅन्ट्रीच्या (यंत्राच्या गोल कड्याच्या) बरोबर मध्यभागी झोपवणे, स्कॅन फुप्फुसाच्या तळाशी थांबवणे (तो सवयीने मूत्रपिंडापर्यंत नेला जातो, हे पाहून आश्चर्य वाटू नये), आणि कॉन्ट्रास्टच्या (चित्र ठळक दिसावे म्हणून शिरेतून देतात त्या द्रव्याच्या) आधी व नंतर असा दोनदा स्कॅन विनाकारण न काढणे, या साध्या गोष्टींना नव्या संगणकीय प्रतिमारचनेची जोड मिळाली की मात्रा निम्म्याहूनही खाली येऊ शकते.

आपल्याला किती मात्रा मिळाली, हे रुग्णाला कळू शकते. यंत्र प्रत्येक स्कॅनसोबत ‘डीएलपी’ (डोस-लेंथ प्रॉडक्ट, म्हणजे मात्रा आणि स्कॅनची लांबी यांचा गुणाकार) नावाचा आकडा नोंदवते. प्रौढाच्या छातीसाठी त्याला ०.०१४ ने गुणले की अंदाजे मिलिसीव्हर्ट मिळतात. डीएलपी ३०० असेल तर ४.२, १०० असेल तर १.४. फुप्फुसातल्या छोट्या गाठीवर लक्ष ठेवण्यासाठी पुन्हा स्कॅन सांगितला असेल, तर जुन्या फिल्म आणि सीडी सोबत न्याव्यात आणि तो कमी मात्रेत होईल का, हे टेबलावर झोपण्याआधीच विचारावे.