गाडीत बसला म्हणून क्रॅश संपला नाही

जुन्या प्लेस्टेशनच्या आठवणी काढणारा एक मजकूर सध्या फिरतोय. आमच्या देवगडच्या मामेभावंडांच्या ग्रुपवर तो आतापर्यंत तीनदा येऊन गेला. म्हणणं असं, की क्रॅश बँडिकूट हा उड्या मारायच्या खेळातला गडी. कंपनीचं डोकं चालेना तेव्हा उड्या सोडल्या आणि पैशासाठी त्याला गाडीत बसवला. ती मारिओच्या गाड्यांच्या शर्यतीची, ‘मारिओ कार्ट’ची, उघड नक्कल. त्यात कौशल्य काही नाही, वाटेतल्या खोक्यातून चांगलं हत्यार मिळेल तो जिंकणार. आणि मारामारीचा भाग म्हणजे भरताड.

डोकं चालेना हे तर नुसत्या सालांवरूनच खोटं पडतं. पहिला क्रॅश १९९६चा, दुसरा १९९७चा, तिसरा १९९८चा. तिसऱ्यातच मोटरसायकल, विमान, जेट स्की सगळं येऊन गेलं होतं. ‘क्रॅश टीम रेसिंग’ आला १९९९मध्ये, आधीचे तिन्ही खेळ करणाऱ्या नॉटी डॉग कंपनीकडूनच, आणि क्रॅशवरचं त्यांचं ते शेवटचं काम. घसरण त्यानंतरची. आणि २००१चा ‘रॅथ ऑफ कॉर्टेक्स’, ज्यात क्रॅश पहिल्यांदा अडखळलेला दिसतो, तो गाड्यांचा नव्हेच, उड्यांचाच खेळ. त्यात लोडिंग होईस्तोवर चहा टाकून यावा!

नक्कल म्हणाल तर थोडी आहे, नाकारत नाही. ‘सुपर मारिओ कार्ट’मध्ये (१९९२) नाणी दहापर्यंत जमवली की वेग वाढायचा, इथे वुम्पा फळं दहा. पुढे असलेल्याच्या मागे लागणारं हत्यारही मारिओकडे आधीच होतं. पण मग मारिओ कार्ट तरी कुठे मारिओसाठी जन्मला? त्याच कंपनीचा आधीचा शर्यतीचा खेळ ‘एफ-झीरो’ एकट्यानेच खेळता यायचा, दोघांना शेजारी बसून खेळता येईल अशी शर्यत हवी म्हणून काम सुरू झालं. मारिओ त्या गाडीत मागाहून बसला. क्रॅशची गाडीही सुरुवातीला चौकोनी डोक्यांची, क्रॅशशी नातं नसलेली पात्रं घेऊन पळत होती. आणि साम्यच शोधायचं तर ते मारिओपेक्षा १९९७च्या ‘डिडी काँग रेसिंग’शी जास्त आहे: मोकळ्या जगात फिरायचं, शर्यती जिंकून दारं उघडायची, मधूनमधून बॉसला हरवायचं.

आता कौशल्य. इथे मात्र मला जरा बसूनच बोलावं लागेल.

मामा मस्कतहून प्लेस्टेशन घेऊन आला होता. कंट्रोलर दोन, भावंडं सात, म्हणून नियम एकच: हरला तो उठला. मे महिन्यात दुपारी लाईट जायच्या आत प्रत्येकाला नंबर हवा असायचा. वुम्पा हे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं; आमच्यासाठी तो रायवळ आंबाच. नशिबाचा खेळ असता तर जिंकणारा बदलत राहिला असता. पण थोरली मामेबहीण अख्खी सुट्टी उठलीच नाही.

ती काय करायची ते मला दोन वर्षांनी कळलं. वळणावर खांद्याचं एक बटण दाबून धरलं की गाडी उडी घेऊन आडवी घसरते. खाली कोपऱ्यात पट्टी भरत जाते, ती लाल झाली आणि धूर काळा पडला की दुसऱ्या खांद्याचं बटण दाबायचं. गाडी झेपावते. घसरण न सोडता हेच आणखी दोनदा करता येतं, तिसरा झटका सगळ्यात जोरात. क्षणभर उशीर झाला की नुसता फुसका आवाज येतो आणि झटका वाया जातो. शिवाय चढाच्या टोकावरून उडी घेऊन जितका वेळ हवेत राहाल तितका वेग खाली उतरताना मिळतो. बहिणीची दोन्ही बोटं सतत आलटून पालटून चालायची, आम्ही आपले हत्याराच्या खोक्यांवर डोळे लावून बसलेलो.

म्हणून मला ‘उड्या सोडल्या’ हे वाक्य सगळ्यात जास्त खटकतं. वेळ साधून उडी मारणं हेच क्रॅशचं मूळ काम, आणि ते चाकांवरही सुटलं नाही. डोक्यावर टीएनटीची, म्हणजे स्फोटकांची, पेटी बसली तर ती झटकायलाही उड्याच माराव्या लागतात. दहा आंबे खिशात असले की तीच पेटी लागताक्षणी फुटणारी हिरवी नायट्रो होते, मग उडीही कामाची नाही. कुणाच्या हातात पेटी आहे यापेक्षा आंबे किती आहेत, हे बघून चाल ठरते.

पैशाचा आरोप २०१९च्या नव्या आवृत्तीला लावा, मी आड येणार नाही. खेळ विकून झाल्यावर दोन महिन्यांत त्यांनी खऱ्या पैशांत नाणी विकायला काढली. तो दोष दुकानाचा. त्या आवृत्तीतही तीन झटक्यांची घसरण जशीच्या तशी आहे.

राहिली मारामारी. २००० साली युरोकॉम या दुसऱ्या कंपनीने केलेला ‘क्रॅश बॅश’ हा नुसता छोट्या खेळांचा गठ्ठा. त्याला भरताड म्हटलं तर मी भांडणार नाही. पण टीम रेसिंगमधला बॅटल, म्हणजे शर्यतीऐवजी एकमेकांवर हत्यारं चालवायचा भाग, त्याच गाड्यांवर, त्याच उडीवर चालतो. मजकूर तीनदा पाठवणारा आमचा धाकटा तेव्हा खेळायला फार लहान होता, पण मागे झोपाळ्यावरून ओरडायचा तोच: “अरे, उडी मार! डोक्यार बॉम्ब आसा!”